लॉक-इन आहे म्हणून गळक्या घरात दिवस काढायचे का?

प्रश्न : आम्ही पुण्यात वाकडला भाड्याने राहतो. घरात मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. करार माझ्या नावावर आहे, ११ महिन्यांचा, १ मेपासून सुरू, रजिस्टर केलेला. भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,००० रुपये, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, सहा महिन्यांचं. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. घर बघायला गेलो तेव्हाच बेडरूमच्या छतावर पिवळे डाग दिसले होते, म्हणून मी हट्टाने करारात एक कलम घालून घेतलं : ‘बेडरूमच्या छताची व भिंतीची गळती मालक ३१ मेपूर्वी स्वखर्चाने दुरुस्त करून देतील.’ मे महिन्यात आम्ही चार दिवस गावी गेलो होतो. तेव्हा मालकांनी स्वतःकडच्या चावीने दार उघडून, आम्हाला न विचारता, नुसता पांढरा रंग मारून घेतला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रंगाला फुगे आले. आता ट्यूबलाइटच्या पट्टीवरून पाणी टपकतं, गादीला कुबट वास येतो. सासूबाईंना दमा आहे, त्या हॉलमध्ये झोपतात. मालकांना पंधरा वेळा मेसेज केले असतील. आधी म्हणाले, ‘पावसाळ्यात सगळीकडेच ओल येते’, मग म्हणाले, ‘गच्ची सोसायटीची आहे, सोसायटीला सांगा.’ आम्ही घर सोडतो म्हटलं, तर म्हणतात, ‘खुशाल सोडा. ऑक्टोबरपर्यंतचं भाडं द्यावं लागेल आणि डिपॉझिट विसरा.’ एजंट म्हणतो, कोर्टात गेलात तर वर्षानुवर्षं अडकाल, त्यापेक्षा भाडं थांबवा आणि डिपॉझिटमधून वळतं करायला सांगा. आम्हाला जवळच दुसरं घर मिळालंय. काय करावं?

उत्तर :

ताई, कायद्याचं नंतर बोलू. आधी त्या बेडरूमच्या लाइटचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला वीज तोडणारा खटका) खाली करा आणि ओल सुकेपर्यंत तो वर करू नका. ट्यूबच्या पट्टीवरून पाणी टपकतंय याचा अर्थ ते स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून खाली येत असण्याची दाट शक्यता आहे. घरात पाच वर्षांचं मूल आहे. आजच इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि तो जे सांगेल ते बिलाच्या कागदावर लिहून घ्या : तारीख, खोली, काय आढळलं, वापर धोक्याचा आहे की नाही. त्याखाली त्याची सही. दोन-तीनशे रुपयांचं ते बिल तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद ठरेल. का ते पुढे सांगते.

आता मूळ प्रश्न. लॉक-इन संपायच्या आत घर सोडता येईल का? तुमची बाजू भक्कम आहे, सोडता येईल. मात्र एजंटने सांगितलेल्या वाटेने अजिबात जाऊ नका. आज करार मोडलाय तो मालकांनी. तुम्ही भाडं थांबवलंत, की दुसऱ्या दिवशी करार मोडणारे दोन होतील आणि मालकांच्या वकिलाला बोलायला आयतं काहीतरी मिळेल. जोवर किल्ल्या तुमच्याकडे आहेत, तोवर दर महिन्याचं भाडं ठरल्या तारखेला, खात्यावरच गेलं पाहिजे. राग कितीही येऊ दे. तो रास्तच आहे.

भाडं कापून घेण्याबद्दल आणखी एक गोष्ट तुमच्यापर्यंत आली असेल किंवा येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्यालायक ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे खरं आहे. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे आणि तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. कायद्याच्या नजरेत तुम्ही लायसेन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणाऱ्या, भाडेकरू नाही. त्या कलमाच्या भरवशावर भाडं कापलंत तर पाय घसरेल. शिवाय वरच्या मजल्याची गळती खोलीच्या आतून बुजवून थांबतही नाही. तुमचे पैसे जातील आणि पाणी दुसरीकडून येईल.

तुमचा खरा आधार तुम्ही हट्टाने घालून घेतलेलं ते कलम आहे. फार थोडे लोक हे करतात. बहुतेकांचं ‘मालक करून देतो म्हणाले होते’ यावरच भागतं आणि मग कोण काय बोललं याचा वाद सुरू होतो. तुमच्याकडे तारीख आहे, काम काय ते आहे, खर्च कुणाचा ते आहे, आणि हे सगळं नोंदणी झालेल्या दस्तात आहे. ३१ मे उलटला त्या दिवशी भंग झाला. भारतीय करार अधिनियम १८७२ म्हणतो की एका पक्षाने आपलं वचन पाळायचं नाकारलं तर दुसऱ्याला करार संपवता येतो (कलम ३९), आणि भंगामुळे झालेलं नुकसान मागता येतं (कलम ७३). मात्र हा भंग कराराच्या मुळाशी जाणारा असावा लागतो. गीझर बिघडला, नळ गळतो, एवढ्यावर लॉक-इन मोडायला निघालात तर मी तुम्हाला थांबवलं असतं. इथे दोन खोल्यांपैकी झोपायची खोलीच वापरता येत नाही, विजेचा धोका आहे आणि दम्याचा रुग्ण त्या ओलीत राहतोय. राहण्यासाठी घेतलेली जागा राहण्यालायक उरली नाही, हे तुम्हाला दाखवायचं आहे. इलेक्ट्रिशियनचं बिल त्यासाठी हवं. तसंच सासूबाईंच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठीही घ्या, पण त्यांना जेवढं खरोखर वाटतं तेवढंच लिहू द्या.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ हा लायसन्सचा मूळ कायदा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, जागेतला एखादा दोष लायसेन्सीच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरू शकत असेल, मालकाला तो ठाऊक असेल आणि लायसेन्सीला नसेल, तर तो सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. डाग तुम्हालाही दिसले होते, तेव्हा या कलमावर फार भार टाकू नका. पण पाणी वायरिंगपर्यंत पोचतं हे मालकांना आधीच्या पावसाळ्यापासून माहीत होतं का, हे आधीच्या भाडेकरूंना किंवा शेजारच्यांना विचारून बघा. तसं कुणी लिहून दिलं तर चित्र पालटेल.

‘गच्ची सोसायटीची, सोसायटीला सांगा’ यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्चीची आणि पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीनेच करायची असते. दुसरा अर्धा भाग मात्र हात झटकणं आहे. सोसायटीचे सभासद ते आहेत, तुम्ही नाही. कमिटीला अर्ज त्यांनी द्यायचा, पाठपुरावा त्यांनी करायचा. तुमच्याशी करार त्यांनी केलाय आणि त्यात ‘सोसायटीने केलं तर’ असं कुठेही लिहिलेलं नाही. तरीही तुम्ही एक काम करा. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरींना विचारा, या फ्लॅटच्या गळतीबद्दल मालकांचा अर्ज आलाय का? आला नसेल तर तेवढं ईमेलवर कळवायची विनंती करा. माझा अंदाज आहे की अर्ज आलेला नसेल, आणि तसं असेल तर त्यांचा हा बचाव तिथेच संपतो.

आता लॉक-इन. तुम्ही कराराची जी पानं पाठवलीत, त्यात दोन कलमं आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. एकात म्हटलंय की लायसेन्सीला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन जागा सोडता येईल. दुसऱ्यात म्हटलंय की लॉक-इनच्या काळात ‘कोणत्याही कारणास्तव’ जागा सोडली तर उरलेल्या लॉक-इनचं शुल्क द्यावं लागेल. ऑनलाइन रजिस्टर होणाऱ्या कितीतरी करारांत हा ठरावीक मजकूर असतो आणि सह्या करताना तो कुणी वाचत नाही. मालक त्या ‘कोणत्याही कारणास्तव’ वर बोट ठेवून बसले आहेत. पण स्वतः करार मोडायचा आणि त्यामुळे समोरचा बाहेर पडला की त्याच्याकडून दंड मागायचा, हे न्यायालयात सहज पटणारं नाही.

समजा त्यांचं म्हणणं क्षणभर मान्य केलं. तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ या निकालात स्पष्ट केलं आहे की नुकसान झालेलंच नसेल तर कलम ७४ खाली भरपाई मिळत नाही. तुम्ही ३१ ऑगस्टला बाहेर पडलात आणि सप्टेंबरमध्ये तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं, तर मालकांचं दोन महिन्यांचं भाडं बुडालं कुठे? म्हणून घर सोडल्यावर तो फ्लॅट पुन्हा भाड्याला लागल्याची जाहिरात दिसली तर तिचे स्क्रीनशॉट ठेवा.

आणि हिशेब करून बघा. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, दोन महिन्यांचे ४८,००० रुपये. मालकांची मागणी शंभर टक्के मान्य केली तरी ७५,००० मधून २७,००० परत द्यावेच लागतात. ‘भाडंही द्या आणि डिपॉझिटही विसरा’ याला त्यांच्या स्वतःच्या कराराचाही आधार नाही. फोनवर एवढा दरारा दाखवणारी माणसं कागदावर आकडे मांडले की पुष्कळदा नरमतात, म्हणून हा हिशेब पत्रात लिहून ठेवा.

तर पत्र. जुलै संपायच्या आत ते त्यांच्या हातात पडलं पाहिजे. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, करारात दिलेल्या पत्त्यावर. त्याच दिवशी त्याची पीडीएफ ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवरही पाठवा. भाषा अशी ठेवा :

‘आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारानुसार बेडरूमच्या छताची व भिंतीची गळती ३१ मेपूर्वी स्वखर्चाने दुरुस्त करून देणे आपणावर बंधनकारक होते. सदर दुरुस्ती आजतागायत झालेली नाही. विजेच्या जोडणीतून पाणी येत असल्याने सदर खोलीचा वापर धोकादायक झाला असून इलेक्ट्रिशियनचा लेखी अभिप्राय व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत गळती मुळापासून दुरुस्त करून द्यावी. तसे न झाल्यास आपण केलेल्या करारभंगामुळे सदर करार ३१ ऑगस्ट रोजी संपुष्टात येईल आणि हेच पत्र त्याची एक महिन्याची नोटीस समजावी. त्या दिवशी सकाळी ११ वाजता मी जागेचा ताबा व किल्ल्या देण्यास हजर राहीन. वीजबिल वजा जाता डिपॉझिटची रक्कम त्याच वेळी माझ्या खात्यावर जमा करावी. माझे इतर सर्व हक्क राखून हे पत्र देत आहे.’

बस. ‘तुम्ही फसवलंत’, ‘तुम्हाला माणुसकी नाही’ असं एक अक्षरही नको, मनात कितीही असलं तरी. दुसऱ्या चावीने आत शिरल्याचं मात्र वेगळ्या परिच्छेदात, तारखेसह लिहा. मालकाला जागा पाहायचा हक्क असतो, पण तो वाजवी वेळी आणि कळवून. तुम्ही गावी असताना परस्पर कारागीर घरात घालणं त्यात बसत नाही. यापुढे आधी कळवून, तुमच्या हजेरीतच या, असं बजावा. पुन्हा तसं घडलं किंवा त्यांनी कुलूप बदललं, वीज-पाणी तोडलं, तर वाट न बघता पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.

पंधरा दिवसांत त्यांनी खरंच गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं तर? भर पावसात ते होणं अवघड आहे. फार तर वर ताडपत्री येईल. पण गळती पूर्ण थांबली, तर घर सोडायचं तुमचं कारण कमकुवत होतं हे ध्यानात ठेवा. म्हणून नव्या घराचं टोकन देण्याची घाई आत्ता करू नका. तिथल्या मालकांना १ सप्टेंबरपर्यंत थांबता येईल का ते विचारा. सासूबाईंना मात्र तोवर तुमच्या नणंदेकडे किंवा दिरांकडे पाठवता आलं तर पाठवा. करार, नोटीस हे सगळं आपल्या गतीने चालेल, त्यांचा दमा तेवढं थांबणार नाही.

पुरावा नीट सांभाळा. मेसेज डिलीट करू नका आणि फोन बदलू नका. व्हॉट्सॲपचं संभाषण न्यायालयात मांडायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. व्हिडिओ काढताना आधी खिडकीतून बाहेरचा पाऊस आणि सोसायटीची इमारत दाखवा, मग न थांबता छताकडे या. नुसत्या डागाचा फोटो कुठल्याही घराचा असू शकतो.

ताबा देण्याचा दिवस हा सगळ्यात निसरडा. सामान आदल्या दिवशी हलवा. सोसायटीचा गेटपास आधीच काढून ठेवा, कारण मालकांच्या परवानगीशिवाय टेम्पो सोडत नाही असं सिक्युरिटीने म्हटलं तर ऐनवेळी तारांबळ उडते. रिकाम्या घराचा खोलीवार व्हिडिओ करा. महावितरणच्या मीटरचा आकडा फोटोत घ्या. करारासोबत फर्निचरची यादी असते, ती हातात घेऊन एकेक वस्तू मालकांसमोर टिकमार्क करा. आणि एका साध्या कागदावर ‘ताबा व किल्ल्या मिळाल्या’ अशी त्यांची सही घ्या. ते आलेच नाहीत किंवा किल्ली घ्यायला नकार दिला, तर दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून ठेवा, त्याच दिवशी ईमेल करा आणि किल्ल्या पोचपावतीसह त्यांच्या पत्त्यावर पाठवा. किल्ल्या तुमच्या पर्समध्ये राहिल्या तर ‘ताबा मिळालाच नाही’ असं म्हणायला ते मोकळे.

डिपॉझिट दिलंच नाही तर? एजंटने दाखवलेली कोर्टाची भीती सगळी खोटी नाही, दिवाणी दावे रेंगाळतात. पण त्याच्या आधी एक दार आहे आणि ते तुमच्यासाठी विनामूल्य उघडं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते, मिळकतीची अट न लावता. करार तुमच्या नावावर आहे हे इथे उपयोगी पडेल. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, नाहीतर १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. प्राधिकरण मालकांना बोलावून घेतं, आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं. तडजोड झाली नाही तर दावा आहेच. पैसे वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका.

तडजोडीत किती सोडायचं हे तुम्ही दोघांनी आत्ताच ठरवून ठेवा, ऐनवेळी नको. माझं मत विचाराल तर एक पैसाही सोडायची गरज नाही, कारण चूक त्यांची आहे. तरीही रंगकामाचे वगैरे चार-पाच हजार कापून बाकीची रक्कम ताबा देताना तिथल्या तिथे खात्यावर येत असेल, तर मी घेऊन मोकळी होईन. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ याला मात्र हो म्हणू नका.

ज्यांचा करार रजिस्टरच केलेला नाही, अशा वाचकांसाठी एक सांगते. घाबरू नका. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी नसेल तर अटी-शर्तींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं.

ताई, नव्या घराच्या करारातही दुरुस्तीचं कलम असंच घाला. फक्त त्यात एक वाक्य जोडा : ‘सदर दुरुस्ती मुदतीत न झाल्यास लॉक-इनची अट लागू राहणार नाही व डिपॉझिट पूर्ण परत केले जाईल.’ आणि ऑगस्टचं भाडं १ तारखेलाच पाठवा, ट्रान्सफर करताना शेऱ्यात ‘ऑगस्टचे लायसन्स शुल्क’ एवढं लिहायला विसरू नका.